तात्पुरते दात

माझे समोरचे दोन दात नांदगाव पेठेच्या गतिरोधकावर पडले, आणि ते पाडले माझ्या नवऱ्याने. मारून नव्हे, तेवढी त्यांची हिंमत नाही. अमरावतीच्या नणंदेची स्कूटर होती, ते चालवत होते, मी मागे बसले होते आणि "समोर पाहा, समोर पाहा" म्हणून ओरडत होते. ते समोर पाहत नव्हते. रस्त्याच्या कडेला समाज मंडळाच्या मेळाव्याचा फ्लेक्स लागला होता, त्यावर अध्यक्ष म्हणून त्यांचा स्वतःचा फोटो होता आणि तो नीट छापलाय की नाही हे त्यांना चालत्या गाडीवरून तपासायचं होतं. गतिरोधक आला, स्कूटर उडाली, मी उडाले आणि माझं तोंड त्यांच्या हेल्मेटवर आपटलं. हेल्मेटला ओरखडा आला. त्यांना तेवढाही आला नाही.

कोणी विचारलं, बाईंचे दात कसे पडले, की हे, म्हणजे पंजाबराव, माझ्याआधी उत्तर देतात: "बाथरूमात घसरली जी ते." दोन वर्षं मी बाथरूममध्ये घसरते आहे. अकोल्यात मोठी उमरी भागातल्या आमच्या गल्लीत बायका मला न्हाणीत रबरी चटई टाकायचा सल्ला देतात आणि मी मान डोलावते.

मी माधवी. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवलं. पंजाबरावांची झेंडूची नि शेवंतीची शेती, अकोल्याच्या फूलबाजारात बऱ्यापैकी नाव, आणि वरून समाज मंडळाचं अध्यक्षपद. म्हणजे घरात बोलायचा धंदा दोघांचाही. फरक एवढाच, की मी पोरांसमोर बोलायचे आणि ते माइकसमोर.

दात पडले तेव्हा माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. ते वर्ष मी मास्क लावून काढलं. करोना कधीच संपला होता, तरी बाईंना धुळीची ॲलर्जी आहे असं सगळ्या शाळेने समजून घेतलं. धडा वाचताना शब्द फटीतून निसटायचे. पहिलीची पोरं हसायची नाहीत, पण टक लावून मास्ककडे पाहायची. घरी मी रोज म्हणायचे, दात बसवायचे आहेत. रोज काही ना काही निघायचं. आधी आमच्या मुलाचं, प्रीतमचं लग्न, मग सुनेचं डोहाळजेवण, मग विहिरीवरची मोटर. शेवटी एकदा मी फारच लावून धरलं, तेव्हा पंजाबराव पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "तुले कुठं भाषण द्याचं हाय?"

आणि खरंच, मी भाषण दिलं नाही. शाळेने निरोप समारंभ केला, शाल दिली, नारळ दिला, आणि माझ्या वतीने माझा नवरा बोलला. चांगला अर्धा तास बोलला. माझ्या नोकरीबद्दल कमी, फुलशेतीबद्दल जास्त. मी मास्क लावून खुर्चीत बसले होते आणि मनात तयार करून ठेवलेलं माझं भाषण गिळत होते. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मागच्या दिवाळीत पंजाबरावांचा समोरचा एक दात हलायला लागला आणि पडला. तेव्हा विहिरीची मोटर आडवी आली नाही. समाजाचा मेळावा तोंडावर होता. अमरावतीला राजापेठेत डॉक्टर साधनांचा दवाखाना आहे. बेबीताई, म्हणजे माझी तिथलीच नणंद, ओळख काढून त्यांना घेऊन गेली. आजूबाजूचे दोन दात घासून त्यावर ब्रिज बसवला आणि मेळाव्यात पंजाबराव असे हसले, की फ्लेक्सवाल्याने पुढच्या वर्षीसाठी तोच फोटो ठेवून घेतला. मी विचारलं, माझं काय? तर म्हणाले, "मले स्टेजवर उभं राहा लागते."

यंदा त्यांची एकसष्टी ठरली. लॉन ठरलं, आचारी ठरला, व्हिडिओवाला ठरला. व्हिडिओवाला ठरला त्याच संध्याकाळी बेबीताईचा फोन आला.

"वयनी, तुह्या दाताचं काय करतं? व्हिडिओत कसं दिसन ते?"

दोन वर्षं हे दात कोणालाच दिसले नव्हते. कॅमेरा येणार म्हटल्यावर सगळ्या खानदानाला दिसले. तिसऱ्या दिवशी मी आणि पंजाबराव अमरावतीच्या बसमध्ये होतो.

डॉक्टर साधना चाळिशीच्या, बोलायला सरळ. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर ओढला आणि विचारलं, "बोला काकू, काय हवंय तुम्हाला?"

"तिले दात बसवाचे हायेत," पंजाबराव मागून म्हणाले. "माही एकसष्टी हाय. तवापर्यंत होईन ते करा."

"मी काकूंना विचारलं, काका."

माझ्या तोंडात आरसा होता. मी तो हाताने बाजूला केला. "मले पेरू चाकूनं कापून न्हाई, दातानं तोडून खाचा हाय. कनीस खाचं हाय. अन् तोंडावर पदर न धरता बोलाचं हाय."

"झालं तर मग," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी माझ्या वरच्या दातांचं माप घेतलं, फोटो काढला आणि कपाटातून प्लास्टरचा एक जबडा काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्यातही समोरचे दोन नव्हते. मला त्या जबड्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"पाहा. पहिला उपाय म्हणजे प्लेट. हिरडीवर बसते, तारेने अडकते, रात्री काढून पाण्यात ठेवायची. लगेच होते. पण समोरच्या दाताने तोडायचं म्हटलं, तर हलते. कणीस विसरा."

"दुसरा?"

"ब्रिज. काकांना बसवलाय तसा. तुमच्या फटीच्या या बाजूचा एक दात आणि त्या बाजूचा एक दात, दोन्ही चारी बाजूंनी घासून बारीक करायचे. त्यांवर टोप्या चढवायच्या आणि टोप्यांना जोडून मधले दोन. सगळा मिळून एकच तुकडा. पक्का चिकटवला की काढायचा नाही. एकसष्टीच्या आत होऊन जाईल."

पंजाबरावांनी टाळी वाजवली. "हेच करा."

मी जिभेने माझे बाजूचे दात चाचपले. "अन् हे घासलेले दोन? ते मंग पुन्हा होतात का पह्यल्यासारखे?"

"नाही. एकदा घासले की घासले. आयुष्यभर त्यांना टोपी लागते."

"खराब हायेत का ते आता?"

"अगदी ठणठणीत आहेत. तुमच्या वयाला कौतुक वाटावं असे."

"मंग त्याइनं काय गुन्हा केला?"

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "बाजूचे दात किडलेले असते, त्यांत मोठं सिमेंट भरलेलं असतं, तर मीच तुम्हाला ब्रिज घ्या म्हटलं असतं. ब्रिज वाईट नसतो. आणखी एक प्रकार असतो, न घासता मागच्या बाजूने पट्ट्या चिकटवायचा. पण तुमचे खालचे दात वरच्यांना मागून फार जवळ येऊन लागतात, तो सुटत राहील. आणि शेवटचा म्हणजे इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचा, हाडाला तो धरू द्यायचा, तीन-चार महिने वाट पाहायची आणि मग त्यावर दात. बाजूच्यांना हात लावायचा नाही. पण साखर आटोक्यात पाहिजे, हाड पुरेसं पाहिजे आणि धीर पाहिजे."

"धीर हाय," मी म्हटलं. "दोन वर्सं त्याच्यावरच काढले."

"अवो पन एकसष्टी!" पंजाबराव म्हणाले.

"एकसष्टी तुमची हाय. दात माहे हायेत."

साखरेचा रिपोर्ट माझ्या पर्समध्येच होता, चांगला होता. हाडाचा फोटो निघाला, तोही चांगला निघाला. डॉक्टरांनी एकसष्टीनंतरच्या आठवड्यातली तारीख दिली. म्हणाल्या, मधल्या काळात हवी तर प्लेट करून देते, माप घेतलेलंच आहे. मी म्हटलं, नको. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी पंजाबरावांना थांबवलं.

"काका, तुमचा ब्रिज अजून कच्च्या सिमेंटवर आहे. मेळाव्याची घाई म्हणून तात्पुरता लावला होता. पंधरा दिवसांनी पक्का करायला या म्हटलं होतं, तुम्ही आलाच नाहीत."

"पक्काच हाय तो मॅडम. मी त्याच्यानं चने खातो."

"खाऊ नका. एक दिवस दगा देईल."

"कायचा दगा," असं म्हणत पंजाबराव जिना उतरलेसुद्धा.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर आलं. तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "चार महिने तशीच फिरशीन? बोळकी?"

"दोन वर्सं फिरलीच ना."

घरी पोचल्यावर बैठक बसली. प्रीतम, सून रागिणी आणि फोनच्या स्पीकरवर बेबीताई. सगळ्यांचं एकच म्हणणं: स्क्रू घाल ना, कोण नाही म्हणतं, पण तोवर प्लेट घाल. चार तास घालायची, फोटो काढायचे, काढून ठेवायची. ऐकणाऱ्याला हे अगदी शहाणपणाचं वाटेल. पण ऐकणारा आमच्या घरात राहत नाही.

आमच्या न्हाणीघरावर टिनाचे पत्रे आहेत. प्रीतम दहावीत असताना ते तात्पुरते टाकले होते. पाऊस संपला की स्लॅब टाकू, असं ठरलं होतं. प्रीतमला आता पोर झालं. लोखंडी कपाटाचा एक पाय मोडला म्हणून खाली तात्पुरती वीट लावली. त्या विटेला मी दर दसऱ्याला हळदीकुंकू वाहते, इतकी ती घरातली झाली. फाटकाची कडी तुटली तिथे तार आहे, तात्पुरती. या घरात एखादी वस्तू कायमची करायची असेल, तर ती तात्पुरती म्हणून आणायची, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं आहे. प्लेट तोंडात गेली, की स्क्रूची तारीख गेली. मग मी मरेपर्यंत रात्री दात वाटीत काढून ठेवीन आणि पेरू चाकूने कापीन.

"प्लेट घालनार न्हाई," मी सांगितलं.

"आई, तू उगीच जिद्द करून राहिली," प्रीतम म्हणाला.

"हो. करून राहिली."

"लोक हसतीन, वयनी," फोनमधून बेबीताई म्हणाली.

"हसू दे. त्याइचे तर दात हायेत ना, हसाले."

रागिणी तोंड फिरवून हसली. पोरगी गुणाची आहे, पण सासऱ्यासमोर अजून मोकळी होत नाही.

एकसष्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बेबीताई अमरावतीहून आली. पिशवीत मिठाई, साड्या आणि एक निळी प्लास्टिकची डबी. डबी तिने माझ्या हातात दिली आणि मला खोलीत ढकललं. "वयनी, मले शिव्या दे, पन एकडाव घालून तर पाह्य."

डबीत प्लेट होती. गुलाबी टाळू, दोन दात, बाजूला तारेचे दोन आकडे. पंजाबरावांनी डॉक्टरांना फोन करून सांगितलं होतं, की तिचं मन बदललं, प्लेट करून ठेवा. माप होतंच. डॉक्टरांना काय माहीत, आमच्याकडे बायकोचं मन नवरा फोनवरून बदलतो.

खोटं कशाला सांगू? मी घातली. कपाटाच्या आरशात पाहिलं, त्याच विटेवरच्या कपाटाच्या, आणि समोर दोन वर्षांपूर्वीची मी उभी होते. ओठ आत गेलेला होता तो वर आला. हसून पाहिलं. "अ आ इ ई" म्हणून पाहिलं. पहिलीच्या वर्गात म्हणायचे तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर वाटलं, घालू द्यावी, काय बिघडतं. सगळेच सुखी होतील, मीसुद्धा. तशीच मी बाहेर आले.

बैठकीत चिवड्याच्या ताटलीभोवती सगळे बसले होते. प्रीतम म्हणाला, "वा आई!" बेबीताईने माझी दृष्ट काढली. आणि पंजाबराव, सोफ्यावरून अर्धे उठून, अगदी मनापासून खूश होऊन म्हणाले, "पाह्य! झालं ना काम? किती मस्त दिसते! आता कायले ते स्क्रू न् ड्रिल? मी उद्याच मॅडमले फोन करून तारीख कॅन्सल करतो."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. हेच मला सहन होत नाही. वाईट मनाने कोणी तुमचं काही हिरावलं, तर निदान त्याच्याशी भांडता येतं.

मी दोन बोटं तोंडात घातली, प्लेट काढली आणि चिवड्याच्या ताटलीत ठेवली.

"ज्याचं काम झालं, त्यानं घालावी."

प्लेटच्या तारेत एक शेंगदाणा अडकला होता, तो बेबीताईने हळूच काढला. "अवो वयनी, लोक काय म्हनतीन उद्या?"

"बाथरूमात घसरली म्हनतीन. तेच सांगतलं ना तुमच्या भावानं गावाले."

पंजाबराव उठून फाटकाची तार नीट करायला गेले. त्यांना खरं कारण माहीत होतं. आमच्या घरात ते फक्त त्यांनाच नि मलाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बायपासजवळच्या लॉनवर सगळा समाज जमला. मंडप आमच्याच झेंडूने पिवळा झाला होता. होम झाला, गुळाने त्यांची तुला झाली, निरांजनांच्या ताटाने औक्षण झालं. फोटोवाला माझ्यासमोर आला की म्हणायचा, "काकू, जरा ओठ मिटून स्माइल." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी ऐकलं. मग दूरवर बसलेल्या दोन बायका एकमेकींच्या कानाला लागलेल्या दिसल्या, आणि मला माझाच राग आला. त्यापुढच्या प्रत्येक फोटोत मी हिरडी दाखवून हसले. रागिणीला पंजाबरावांनी बजावलं होतं, की आईच्या तोंडासमोर गुच्छ धरून उभी राहा. ती गुच्छ घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं आणि गुच्छ खाली धरून उभी राहिली.

"हसा आई तुमी," ती हळूच म्हणाली.

मग पोरींचा गोंधळ सुरू झाला. विडा, विडा, विडा! लग्नात नवरा-नवरीने एकमेकांच्या तोंडातला विडा दाताने तोडायचा असतो, आणि ज्याच्या वाट्याला मोठा तुकडा येईल त्याचं घरात चालतं, असं सगळे म्हणतात. एकसष्टीलाही हा खेळ करायचाच. आमच्याकडे विड्यात अख्खी सुपारी आणि भरपूर गुलकंद घालून वर लवंग टोचतात. विडा चांगला बोटाएवढा लांब होतो.

"विड्याचं राहू द्या गं," बेबीताई घाईने म्हणाली. "वयनीले कसं जमन ते?"

"जमते," मी म्हटलं. "आना इकडं."

पंजाबरावांनी उपरणं सावरलं. सगळा समाज मोबाइल उंचावून उभा होता. तीन तपांपूर्वी लग्नात मोठा तुकडा त्यांनीच नेला होता, हे ते अजूनही पाहुण्यांना सांगतात. त्या दिवशी मी लाजले होते आणि दात घट्ट धरलेच नव्हते. आमच्या वेळी नवरीने घट्ट धरायचे नसत.

समोर धरायला माझ्याजवळ काही नव्हतं. मी विडा बाजूला सरकवला, सुळ्याखाली. ते माझे दात, ठणठणीत, कोणी न घासलेले. पंजाबरावांनी वाकून दुसरं टोक समोरच्या दातांनी पकडलं आणि ओढलं. मी सोडलं नाही. पोरी ओरडल्या. त्यांनी डोळे मोठे केले, म्हणजे सोड आता. मी आणखी घट्ट धरलं. त्यांनी मान मागे झटकून असा हिसका दिला, की मंडपातली सगळी माणसं हो हो करत पुढे झुकली.

टक्कन आवाज झाला. फक्त आम्हा दोघांना ऐकू आला असावा. पंजाबराव दोन पावलं मागे गेले आणि त्यांनी उपरणं तोंडावर धरलं. विडा अख्खा माझ्याकडे आला होता. मी तो तळहातावर काढला. गुलकंदात रुतलेले तीन दात, एका ओळीत, छान चमकत होते.

विडा माझा, म्हणून पोरींनी टाळ्या पिटल्या. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. बेबीताईच्या आलं, तिने कपाळाला हात लावला. पंजाबरावांच्या उपरण्याआड मला दोन बारीक खुंट दिसले, घासून ठेवलेले, आणि मध्ये फट. नेमके तेव्हाच निवेदन करणारे उत्तमराव, मंडळाचे सचिव, माइकवरून म्हणाले, "आता सत्कारमूर्ती माननीय पंजाबराव आपलं मनोगत व्यक्त करतील!"

मी नवऱ्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, मंडळाचा अध्यक्ष, आणि तोंडावर कापड धरून असा उभा होता, की मला शाळेतली मास्क लावलेली मी आठवले. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून राग जातो असं नाही, दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

"तू बोल," ते उपरण्याआडून म्हणाले. शब्द अर्धे वाऱ्यावर गेले. "माह्या वतीनं बोल."

मी त्यांचे दात रागिणीच्या रुमालात बांधले आणि त्यांच्या खिशात ठेवले. "हरवू नका. मॅडम पक्के करून देतीन." आणि स्टेजवर गेले.

उत्तमरावांनी माइक दिला खरा, पण ते पंजाबरावांकडेच पाहत होते. समोर सगळा समाज होता. पहिल्या रांगेत मघाच्या त्या दोन बायका. माझा हात सवयीने पदराकडे गेला. मी पदर उचलला आणि कमरेला खोचला, वर्गात फळ्याकडे वळण्याआधी खोचायचे तसा. निरोपाचं गिळलेलं भाषण कुठेतरी छातीत होतं, पण ते आता जुनं झालं होतं. मला ताजं सुचलं.

"राम राम मंडळी," मी म्हटलं. "यायनं मले त्याइच्या वतीनं बोलाले सांगतलं हाय. पन मी आज माह्या वतीनं बोलनार हाय. मी बाथरूमात घसरली नव्हती. माहे समोरचे दोन दात नांदगाव पेठेच्या गतिरोधकावर पडले, अन् ते पाडले या सत्कारमूर्तीनं."

बेबीताईच पहिल्यांदा हसली आणि मग कोणी थांबायला तयार होईना. उपरण्याआड पंजाबरावांचे खांदे हलत होते, हसून की कशाने ते मी पाहत बसले नाही. हसू ओसरेपर्यंत मी थांबले, पोरं शांत व्हायची वाट पाहायचे तशी. मग मी फ्लेक्सपासून सुरुवात करून सगळं सांगितलं, आणि शेवटी स्क्रू बसवायची तारीख दोनदा सांगितली, म्हणजे मागच्या रांगेतल्यांनाही नीट ऐकू जावी.